रविवारचा बिघाड

सकाळी सहाला, सोसायटीतलं कुत्रंसुद्धा अजून आळस देत होतं तेव्हा, विद्याधर राऊळ खाली जाऊन आपल्याच गाडीची वाट लावून आला.

काम तसं दोन मिनिटांचं. बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरचं काळं टोपण काढायचं आणि आतल्या दोन पॉइंटांमध्ये कॅलेंडरच्या कागदाची नखाएवढी चिंधी सरकवायची. बस्स. ठिणगीच पडत नाही. स्टार्टर बिचारा घर्र घर्र करत राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, फियाट म्हातारी झाली, आता चालायचंच. सात वर्षं गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर तीस वर्षं भांडुपच्या कारखान्यात फिटर म्हणून ज्याचा जन्म बिघाड काढण्यात गेला, त्याला बिघाड घालणं काय अवघड! पण त्यातही कसब होतं. बिघाड आपसूक झालेला दिसला पाहिजे. गेल्या महिन्यात त्याने बॅटरीची वायर सैल केली तेव्हा वरून थोडा गंज चोळायला तो विसरला नव्हता.

आणि हे सगळे उद्योग कशासाठी, तर सुशांतने यावं म्हणून. बायको, विमला, गेल्यापासून, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, मुलगा महिन्याकाठी एकदा यायचा. बूट न काढता दारातल्या खुर्चीवर बसायचा, गोळ्या घेताय ना, एवढं विचारायचा आणि किल्ल्या वाजवत निघून जायचा. डिसेंबरात, एरवी जागेवरच चालू करून बघायची ती गाडी खरोखरच बंद पडली. त्या रविवारी सुशांतने बाह्या वर केल्या, संध्याकाळपर्यंत राबला, दोनदा जेवला आणि जाताना म्हणाला, "पुढच्या रविवारी कार्बुरेटर बघतो." तो आठवडा विद्याधरने शेजारच्यांना ऐकू जाईल इतकं गुणगुणत काढला. मग दुसऱ्या रविवारी गाडी चालू झाली. आता हा कशाला येईल?

'ये रे असाच' म्हणायची राऊळांकडे पद्धत नव्हती. त्यांच्यात कोणी कोणाकडे उगाच जात नाही. बारसं, बारावं, नाहीतर गळका नळ. तेव्हा गाडी बिघडत राहणं भाग होतं. पंधरा रविवार ती इमानेइतबारे बिघडत राहिली होती.

आजचा मात्र सोळावा, आणि आज जरा कठीण होतं. रश्मीने, त्याच्या मुलीने, गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं. शूटिंगला जुन्या गाड्या पुरवणारा कोणी माणूस होता. तो चार वाजता येणार होता आणि त्याची अट एकच, गाडी चालू पाहिजे.

त्यात आज सांडग्या मिरच्यांचा रविवार. एप्रिलअखेरच्या रविवारी मुलुंडच्या या दोन खोल्यांत पाच किलो मिरची भरली जायची, हा विमलाचा नेम. ती गेल्यावर गेल्या वर्षी राहिलंच. यंदा विद्याधरची थोरली बहीण शेवंती काल संध्याकाळीच मिरच्यांची पिशवी घेऊन विक्रोळीहून आली आणि सकाळी आठला बोरीवलीहून रश्मी वजनकाटा घेऊन. दोघींची दहा मिनिटांत जुंपली.

"आत्या, मूठ म्हणजे किती ते सांग ना. शंभर ग्रॅम? दीडशे?"

"मूठ म्हंजे मूठ. तुझ्या आवशीन कधी काटो घेतलो नाय."

"आईची मूठ एवढीशी होती. तुझी बघ!"

"मग तुझी घाल. पण त्या यंत्रार मीठ मोजलंस तर मी उठून जातंय बघ विक्रोळीक."

मेथी, धणे, जिरं भाजल्याचा वास घरभर पसरला होता. पोपटी जाड मिरच्या जुन्या साडीवर पसरल्या होत्या. विद्याधर सुरीने एकेक मिरचीला पोटात चीर देऊन पुढे सरकवत होता. घरात इतके आवाज एकदम ऐकून त्याला बरं वाटत होतं, आणि सारखं घड्याळ बघून वाईटही. खाली सुशांत नऊपासून गाडीत डोकं घालून बसला होता. मध्येच स्टार्टरचा घर्र घर्र आवाज दुसऱ्या मजल्यावर यायचा.

"झाली नाही वाटतं अजून," रश्मी म्हणाली. "बाबा, तुम्हीच जाऊन बघा ना एकदा. तुम्हाला दहा मिनिटं लागतील."

"त्याचं त्याला करू दे. हात वळतो."

"बेचाळिसाव्या वर्षी अजून काय वळायचाय? मी सांगते तुम्हाला राग येईल, पण येऊ दे. दर रविवार दादाचा इथे जातो. त्याच्या दिशाची दहावी आहे पुढच्या वर्षी. बायको म्हणून निधीने घरात एकटीने काय काय करायचं? ती मला काही बोलत नाही, मेसेज केला की नुसता अंगठा पाठवते. रागावली असणारच. गाडी गेली की सुटेल तो एकदाचा."

"आणि मिरच्या कुठे वाळत घालायच्या?" विद्याधर म्हणाला. गच्चीवर सोलर बसल्यापासून गच्चीला कुलूप होतं. विमला ताटं गाडीच्या टपावर ठेवायची. तिथलं ऊन सगळ्यात कडक असतं म्हणायची.

"मिरच्यांसाठी गाडी ठेवायची? ऐक आत्या, ऐक."

आत्याने ऐकलं, पण भाचीची बाजू घेतली नाही की भावाची. ती भावाकडे नुसती बघत राहिली. मग "विद्या, वायच गॅलरीत चल, पाय आखडले," म्हणून उठली.

गॅलरीत तिने आधी दार लोटलं.

"सकाळी तुळशीक पाणी घालूक मी खाली गेल्लंय," ती म्हणाली. "तू बॉनेटात कागद घालतंस तां बघितलंय."

विद्याधरने कठडा धरला. थापा मारायला तोंड उघडलं, पण शेवंतीपुढे त्याची थाप लहानपणापासून कधी पचली नव्हती. तिचा नवरा धोंडू तीस वर्षं टॅक्सी चालवायचा. इंजिनातलं तिला बऱ्याच पुरुषांपेक्षा जास्त कळायचं.

"कित्याक करतंस ह्यां?"

"गाडी चालू झाली तर तो येणार नाही, ताई."

इतकं सरळ तो कोणाशी कधी बोललाच नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी बहिणीसमोर डोळे पुसायची वेळ यावी म्हणजे काय!

शेवंती हलकेच म्हणाली, "माका काय कळत नाय होय? आमचे हे गेले, तेव्हा मी भाजीवाल्याशी घासाघीस करी, चार शब्द बोलाक मिळतीत म्हणान. पण तुझो झिल बायको-पोरांचो आसा रे. तू त्येचो रयवार चोरतंस. थय ती पोर बापाशीची वाट बघता आसतली. तुझो एकटेपणा तुझ्याकडे ठेव, तिच्या पदरात टाकू नको."

ते शब्द त्याला लागले, कारण ते खरे होते. दिशाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. चौदा वर्षांची, चष्मा नाकावर घसरलेला. किती महिने बघितली नव्हती तिला! 'तिचा क्लास असतो' असं सुशांत म्हणायचा, आणि यानेही कधी खोदून विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित 'तुम्ही या ना घरी' असं उत्तर आलं असतं आणि मग सुशांतचं इथे येणं राहिलं असतं. स्वार्थीपणाची हद्द झाली, विद्याधर स्वतःशीच म्हणाला, आणि खाली उतरला.

"वर जा, जेवून घे," त्याने सुशांतला सांगितलं. "मी बसतो जरा."

सुशांत चपापला. "नको बाबा, होईल आता. तुम्ही उन्हात नका बसू."

"जा रे. आत्याने सोलकढी केलीय."

सुशांतने दोनदा मागे वळून बघितलं, पण गेला. तो जिन्यावर दिसेनासा झाल्यावर विद्याधरने टोपण काढलं, चिमट्याने कागदाची चिंधी बाहेर ओढली आणि खिशात टाकली. झालं. पंधरा रविवारांचं लबाडीचं राज्य संपलं. टोपण बसवून तो गाडीत बसला, 'माफ कर गं' असं कोणाला तरी म्हणाला आणि किल्ली फिरवली.

घर्र, घर्र, घर्र.

पुन्हा फिरवली. तेच.

फिटरचं डोकं एकदम जागं झालं. पेट्रोल आहे, बॅटरी ठीक, पॉइंट मोकळे. मग? त्याने कॉइलपासून टोपणाकडे येणारी जाड वायर चाचपली. वायर जागेवर होती. रबरी बूच नीट बसलं होतं. कोणीही बघितलं असतं तर पुढे गेलं असतं, पण विद्याधरने सवयीने बूच मागे सारलं. वायरीच्या पितळी टोकावर काळी टेप गुंडाळली होती. तीन वेढे, एकावर एक, कडा दाबून बसवलेल्या. टेप कोरी होती. तशीच टेप सुशांतच्या पिशवीतून बाहेर डोकावत होती.

वरून बघाल तर वायर जोडलेली, आत मात्र करंट कुठे जातच नव्हता. इतका सुबक बिघाड विद्याधरने उभ्या जन्मात घातला नव्हता. पोरगं शिकलं म्हणायचं!

मग त्याला एकेक आठवायला लागलं. फेब्रुवारीत तो तापाने पडला होता, त्या आठवड्यात त्याने गाडीला हातही लावला नव्हता, तरी रविवारी ती बंदच होती. तेव्हा त्याने देवाला नारळ कबूल केला होता. दहा मिनिटांच्या कामाला याला सहा-सहा तास लागायचे, तेव्हा वाटायचं, शहरात वाढलेली पोरं, हाताला वळण नाही. म्हणजे दोघंही? अरे देवा, दोघंही!

विद्याधर गाडीत बसून एकटाच हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. वॉचमन रतन काय झालं बघायला आला तर त्यालाही टाळी दिली. पोरगं माझ्यासाठी येतंय! बायको-मुलगी सोडून, लबाडी करून बापाकडे येतंय! इतका आनंद त्याच्याने खाली ठेवून येववेना. तो तसाच, टेपचा तुकडा बोटाला चिकटवून, धापा टाकत दोन मजले चढला.

सुशांत जेवायला बसला होता. रश्मी भात वाढत होती.

"अरे चोरा!" विद्याधर दारातूनच ओरडला आणि बोट नाचवलं. "हे काय आहे? मी कागद घालतो आणि तू टेप लावतोस होय? बापसे बेटा सवाई!"

शेवंती हसायला लागली होती, ती सुशांतचा चेहरा बघून थांबली. तो पांढरा पडला होता.

"म्हणजे?" रश्मी म्हणाली. "दादा, तू गाडी मुद्दाम बंद ठेवलीस? का?"

"सहज."

"सहज काय? माणूस यायचाय चारला. आणि तुला घरी जायचं नसतं का? निधी काय म्हणते?"

"काही नाही म्हणत."

"नाही म्हणत म्हणजे? मीच लावते तिला फोन. हे दोघं काय खेळ खेळतायत ते तिलाही कळू दे."

"रश्मी, फोन ठेव."

"का ठेवू?"

"निधी घरी नसते," सुशांत ताटाकडे बघून म्हणाला. "दिवाळीनंतर ती आणि दिशा डोंबिवलीला तिच्या आईकडे राहायला गेल्या. दिशाने शाळाही तिकडचीच घेतली. झालं? आता कळलं सगळ्यांना?"

रश्मीने हातातला फोन खाली ठेवला.

"सहा महिने?" रश्मीचा आवाज चिरकला. "आणि मला, सख्ख्या बहिणीला, सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं होतं? तू आधी निधीची बाजू घेतली असतीस, मग माझी, मग दोघांना समोर बसवलं असतंस. मला नको होतं ते. मला फक्त..." तो थांबला. "रविवारी कुठेतरी जायला हवं होतं."

"अरे मग यायचं इथे! हे घर नाही का तुझं?"

"आणि काय सांगून येऊ? बायको गेली म्हणून जेवायला आलो?"

विद्याधर दारातच उभा होता. बोटाची टेप त्याला काढता येत नव्हती. काहीतरी बोलायला हवं होतं. दुसरा कोणीही बाप बोलला असता. याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "सोलकढी घे ना अजून."

सुशांतने हात धुतले. खाली गेला. सगळे गॅलरीत येऊन बघत राहिले. त्याने वायर पुसली, बसवली, किल्ली फिरवली आणि फियाट पहिल्या फटक्यात चालू झाली. इतकी गोड चालत होती की ऐकवेना. गाडी बंद करून त्याने किल्ली रतनकडे दिली, वर हात केला, टाटा करतात तसा, आणि फाटकातून निघून गेला.

चार वाजता तो शूटिंगवाला आला तेव्हा त्याला परत पाठवलं ते रश्मीनेच. "गाडी द्यायची नाही," ती म्हणाली आणि आत येऊन ओट्याशी तोंड करून रडली. मिरच्या शेवंतीने एकटीने भरून संपवल्या. मीठ रश्मीच्या मुठीने घातलं होतं. सहा वाजता दोघी गेल्या. जाताना शेवंतीने भावाच्या पाठीवर हात ठेवला. "माझाच चुकला," ती म्हणाली. "माका वाटला, थय पोर वाट बघता."

मग सबंध आठवडा विद्याधर होता आणि मिरच्या होत्या. रात्री ताकात, दिवसा उन्हात. सकाळी दोन ताटं गाडीच्या टपावर ठेवायची, दुपारी उलटायची, कावळे हाकलायचे, संध्याकाळी उचलायची. माणसाला गुंतवून ठेवायला तेवढं काम पुरत नाही. मिरच्या उलटताना तो त्यांच्याशी बोलायला लागला होता. सुशांतला त्याने तीनदा फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तर विद्याधरनेच 'गोळ्या घेतो मी' एवढं सांगून ठेवून दिला. ठेवल्यावर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी तो सहाला उठला. बॉनेटला हात लावला नाही. पोहे केले, झाकून ठेवले. नऊ वाजले, दहा वाजले. गॅलरीतून फाटक दिसत होतं. कोणी कोणी येत होतं, पाववाला, इस्त्रीवाला, दुसऱ्यांची मुलं. साडेअकराला त्याला खात्री पटली की सुशांत आता येणार नाही, आज नाही आणि पुढच्याही रविवारी नाही. येण्याचं निमित्त आपण चारचौघांत फोडलं, हसत हसत फोडलं. आता पोरगं आपल्या घरी एकटं आणि आपण आपल्या घरी.

मग तो उठला, शर्ट बदलला आणि किल्ली घेतली.

चार वर्षांत त्याने गाडी रस्त्यावर काढली नव्हती. फाटकापाशी रतन ओरडत धावला, "अंकल! अंकल! ऊपर मिर्ची!" दोन्ही ताटं टपावर तशीच होती. ती रतनच्या केबिनवर ठेवून विद्याधर निघाला. एलबीएस रोडला मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून त्याचा उद्धार केला. भांडुपला गाडी सिग्नलवर बंद पडली, रिक्षावाल्याने आईवरून शिवी दिली, याने ती निमूट घेतली. कांजूरमार्गला सुशांतच्या इमारतीशी पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता.

सतराव्या मजल्यावर तो याआधी दोनदाच आला होता. वास्तुशांतीला आणि गीझर बसवायला. दारावर तीन नावांची पाटी होती. बेल वाजवली. बराच वेळ काही नाही. मग सुशांतने दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात कालचाच बनियन असावा.

"बाबा? काय झालं? बरं आहे ना तुम्हाला?"

"बरंय."

"गाडी बंद पडली?"

"गाडी खाली उभी आहे. मी घेऊन आलो."

"तुम्ही? इतक्या लांब? कशाला? काय काम होतं?"

विद्याधरला यायच्या वाटेवर दहा कामं सुचली होती. आत्याचा निरोप, बँकेचा फॉर्म, गीझरचा आवाज. त्यातलं कुठलंही चाललं असतं. त्याने चौकट धरून श्वास घेतला.

"काम काही नाही," तो म्हणाला. "तू आला नाहीस. मला घरात बसवेना. म्हणून आलो."

सुशांत बाजूला झाला. आत खिडक्या बंद होत्या, वारा फिरला की इथे कचऱ्याचा वास येतो म्हणून. टेबलावर एकच ताट होतं, एकच पेला. दिशाच्या खोलीचं दार लावलेलं. टीव्ही आवाज बंद करून चालू ठेवलेला. विद्याधर सोफ्यावर बसला आणि चपला काढून टेबलाखाली सारल्या. सुशांत उभाच होता, कुठे बसावं ते न कळल्यासारखा.

"चहा करू? दूध नाहीये पण."

"कोरा कर."

तो आत गेला नाही. बापाच्या शेजारी येऊन बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि म्हणाला, "बाबा, रविवारी या घरात काही आवाजच नसतो हो."

"मला सांगतोस?" विद्याधर म्हणाला.